सानियाचा नॉर्मल रिपोर्ट

घाटंजी, मंगळवार, संध्याकाळ

सानियाचं रक्त मी गेल्या आठवड्यात साध्या नळीत घेतलं. झिंक तपासायची वेगळी नळी आमच्या लॅबमध्ये संपली होती, आणि तिची अम्मी उपाशी पोरीला घेऊन आर्णीहून आलेली. परत कसं पाठवू? साध्या नळीच्या रबरी बुचातलं झिंक रक्तात उतरतं आणि आकडा खोटाच वाढतो, हे मला माहीत होतं. तरी घेतलं. काहून?

आज रिपोर्ट आला. नॉर्मल. बारा वर्षांची पोर आठची दिसते, तोंडाला चव नाही, पायावरची जखम महिना झाला भरत नाही, आणि म्हणे नॉर्मल.

अम्मी खूश झाली. "मंग आता झिंकच्या गोळ्या कायले द्याच्या?" म्हणाली. मी रिपोर्ट पाकिटात घालून तिच्या हातात दिला. दोघी बसस्टँडकडे गेल्या.

मग कामात लक्षच लागेना. ते रबरी बूच. कागदावर बूच थोडंच दिसतं? शेवटी डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. "त्यांना फोन कोण करणार?" एवढंच म्हणाले.

मीच केला. "भाभी, तो रिपोर्ट धरू नका. चूक माझी आहे. नवी नळी मागवते, रक्त पुन्हा घ्यावं लागेल."



"पुन्हा सुई? थांबा ताई, तुमीच सांगा तिले."

फोन सानियाकडे गेला. मी तिची माफी मागितली. अशी कोणा पेशंटची कधी मागितली नव्हती.

तिनं थोडा विचार केला असावा. म्हणाली, "मंग या खेपी दुसऱ्या हातातून घ्या."