गाडीत मी होतो

मी, वामन हौसेराव म्हात्रे, वय वर्षे शहात्तर, निवृत्त, राहणार कोपरखैरणे गाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत असून कोण मला काय बोलले तेही लक्षात आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

१. माझे राहते घर पत्नी मालतीबाई हिच्या हयातीत तिचेच राहील व वरच्या मजल्याचे भाडे तिनेच घ्यावे. तिच्या पश्चात ते मुलगा दिपेश व मुलगी सुचिता यांना समान मिळावे. सुचिता "मला काही नको" असे म्हणेल. लहानपणापासून ती ताटावर बसतानाही असेच म्हणते आणि मग दोनदा वाढून घेते. तिचे ऐकू नये.

२. पोस्टातली ठेव दिपेशची मुलगी, माझी नात प्रिया हिला द्यावी. तिने त्यातून गाडी घेऊ नये. शेते गेली, पैसे आले, पैशांच्या गाड्या झाल्या. गल्ली मात्र अजून बैलगाडीच्याच मापाची आहे.

३. माझी अवजारे. तुर्भ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून माझा व्यवसाय गाडीत बसणे हा आहे. परक्यांसाठी खुलासा करतो: आत माणूस असला तर टोइंगवाले गाडी उचलत नाहीत, असा आमच्याकडे पक्का समज आहे. त्यामुळे आमच्या गावातले लोक खरेदीला निघताना पिशवी घेतात, मोबाईल घेतात आणि घरातला म्हातारा घेतात. "बाबा, चला, वाशीला फिरून येऊ," असे दिपेश म्हणतो. फिरतो तो, बसतो मी. मालतीबाईचेही तेच: "घरान बसून तरी काय करताव? गाडीन बसा." भावकीतल्या लग्नाचे बोलावणे आले की ते जेवायला आहे की गाडीत बसायला, हे मला आधी विचारून घ्यावे लागते. या कामी वापरलेली मानेची उशी, थर्मास व हातपंखा शेजारी हरेश यास द्यावा. त्याचीही साठी उलटली आहे आणि त्याच्या मुलाने मोठी गाडी बुक केली आहे.

४. याच हरेशबद्दल एक तक्रार. सार्वजनिक रस्त्यावर स्वतःच्या गाडीची जागा धरण्यासाठी तो तुळशीची कुंडी ठेवतो. मी एकदा ती सरकवू लागलो तर म्हणाला, "वामनदादा, तुलस हाय, हात नका लावू, पाप लागंल." सकाळी गाडी गेली की तुळस रस्त्यावर येते, संध्याकाळी गाडी आली की ओट्यावर जाते. यंदा कार्तिकात गावकऱ्यांनी तिचे लग्न त्या गाडीशीच लावून द्यावे.

५. आता अंगण. घरासमोरच्या या जागेत पूर्वी आम्ही भात झोडायचो. आज तिथे बरोबर एक गाडी मावते आणि दिपेशचा या जागेवर डोळा आहे. ती कोणाला द्यायची, हे ठरवण्याआधी घडलेले सांगतो.

हळदीला भावकीतल्या सगळ्या बायकांना एकसारख्या पिवळ्या साड्या नेसवायच्या, हा आमचा रिवाज. प्रियाच्या हळदीसाठी आम्ही त्या घ्यायला वाशीला गेलो. दुकानासमोर नो पार्किंग, म्हणून मागच्या सीटवर मी. दुकानातला नोकर साड्यांचे गठ्ठे आणून माझ्याभोवती रचत गेला. ऊन लागू लागले तेव्हा मी एक साडी सोडून डोक्यावरून घेतली आणि आडवा झालो. डोळा लागला. जाग आली ती टोइंगच्या यार्डात. हवालदार इंद्रजित यांनी साडी उचलली तर खाली मी! ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले. त्यांनी मला चहा पाजला, बिस्किटे दिली, पण चलान आधीच गेले होते आणि त्यात शेरा होता: आत कोणीही नव्हते. "काका, सिस्टीमला गेलं. आता माझ्या हातात काय नाय राहिलं," असे ते म्हणाले.

सुचिताने ऑनलाइन तक्रार केली. उत्तरादाखल फोटो आला. मागच्या सीटवर पिवळा ढीग, बाकी काही नाही. दिपेशने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "बाबा, तुमी दिसतच नाय यात. टेन्शन कशाला? मी भरून टाकतो."

भरणे म्हणजे कबूल करणे. गाडीत कोणी नव्हते, असे माझ्या मुलाने कबूल करणे. मला हे फार लागले. त्याच्या गाडीसाठी मी उन्हात बसलो, घामाघूम होऊन बसलो, लघवी धरून बसलो, आणि तो बसल्या बसल्या मोबाईलवर मला नाहीसा करायला निघाला. मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

तरी अट अशी: दिपेशने दंड भरू नये, प्रकरण कोर्टात जाऊ द्यावे. कोर्टाच्या तारखेला स्वतः उभे राहून मोठ्याने सांगावे, "गाडीत माझे वडील होते." मग निकाल काहीही लागो, अंगण त्याचे. माझ्या हयातीतच सांगितले तर उत्तम, मी ऐकायला येईन. गुपचूप दंड भरल्यास अंगण हरेशला जाईल. तो तिथे गाडी लावील आणि शेजारी तुळसही ठेवील, याची मला खात्री आहे.

६. माझी शेवटची यात्रा निघेल तेव्हा आमच्या गल्लीत गाड्यांची दाटी होणारच. कोणाही म्हाताऱ्याला गाडी राखायला बसवून ठेवू नये. त्या दिवशी सर्वांनी खाली उतरावे.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुचिताने करावी.

दिपेश बँकेत गेला आहे. मी मागच्या सीटवर बसून हे लिहीत असताना आत्ताच काचेवर टकटक झाली. हवालदार इंद्रजित. "काका, परत तुमीच?" मी काच खाली केली आणि सहीला साक्षीदार हवा आहे, असे सांगितले. ते म्हणाले, "मी ड्युटीवर हाय." मी म्हटले, मग तर फारच बरे. त्यांनी कलम पाच उभ्या उभ्या वाचले, टोपी काढून डोके पुसले आणि पेन मागितले. समोरचे रसवाले श्यामसुंदर यांनाही त्यांनीच हाक मारली.

स्थळ: वाशी, नो पार्किंगच्या फलकाखाली
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

(सही) वामन हौसेराव म्हात्रे

साक्षीदार:

१. (सही) श्यामसुंदर, रसवंतीवाले. माझ्यासमोर सही केली.

२. (सही) इंद्रजित, हवालदार, वाहतूक शाखा. वामन म्हात्रे यांनी माझ्यासमोर सही केली. सही करताना ते गाडीत होते. मागच्या वेळीही होते.