कमी काहीच नाही

मंगळवार, १४ तारीख

तीर्थरूप आईंना जावयाचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? थोरलीला सांगा, डॉक्टरांनी दिलेला पट्टा कपाटात ठेवण्यासाठी नाही, बांधण्यासाठी आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि काही गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात, म्हणून लिहायला बसलो. बेकरीत दुपारची वेळ आहे. सकाळचा माल गेला, संध्याकाळच्या पावाचं पीठ फुगतंय, तेवढ्यात मैद्याच्या पोत्यावर बसून लिहितोय. कागदाला पीठ लागलेलं दिसलं तर झटकून टाका.

भट्टीचा दरवाजा एकदाचा दुरुस्त झाला. आता पाव एका बाजूने करपत नाहीत. मालक खूश आहे, म्हणजे ओरडत नाही.

तुम्ही मागे तुमच्या धाकट्या लेकीच्या रिपोर्टचं विचारलं होतंत. तिसऱ्या खेपेलाही मूल पोटात टिकलं नाही तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी तिचं पुष्कळ रक्त तपासायला पाठवलं. व्हिटॅमिन डी इतकं कमी निघालं की बाईंनी लॅबला परत फोन करून खात्री केली. बी ट्वेल्व्हही कमी. साखर तशी काठावर, पण इन्सुलिन वाढलेलं. साखरही तपासणार हे ऐकून तुम्ही म्हणाला होतात, "एवढीशी काडी ती, तिला कसली साखर?" मीही बाईंना अगदी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "बारीक माणसाचंही आतलं गणित बिघडू शकतं. मात्र एक ध्यानात ठेवा, गर्भ न टिकण्याचं कारण हेच आहे असं मी म्हणत नाही. जे दुरुस्त करता येतं ते करू, एवढंच."

धाकटीने त्यातलं फक्त "दुरुस्त करता येतं" एवढंच ऐकलं. खरं सांगायचं तर मीही.

मग काय, घरात युद्धाची तयारी. ती कपड्यांच्या दुकानाच्या तळघरात ऑल्टरेशनचं काम करते. तिथे ट्यूबलाइटशिवाय उजेड नाही. जेवणाच्या सुट्टीत मागच्या दाराच्या पायरीवर बाह्या वर करून उन्हात बसायला लागली. बरोबरच्या बायका तिला सूर्यफूल म्हणायच्या. गोळ्या वेळच्या वेळी. अंडी, मासे, पालेभाज्या. गोड बंद. बेकरीवाल्याच्या बायकोचं गोड बंद, म्हणजे बघा! माझ्या शर्टाला लोण्याचा वास यायचा म्हणून मी इथेच कपडे बदलून घरी जायला लागलो. रात्री जेवणानंतर चालायला जायचो. मी पहाटे उठणारा माणूस, चालता चालता पेंगायचो. ती माझी बाही धरून ओढत न्यायची आणि म्हणायची, "व्यायाम माझा चाललाय की तुझा?"

पुष्कळ दिवसांनी ती हसत होती, आई.

पुढच्या तपासणीत सगळं जागेवर आलं. बाईंनी स्वतः उठून तिच्या पाठीवर थाप दिली. ती रिपोर्ट हातात धरूनच घरी आली, पिशवीतसुद्धा ठेवला नाही.

थोरलीच्या मुलाचा खोकला थांबला का? इकडे हवा कोरडी आहे. पाव लवकर वाळतात, गिऱ्हाइकं कुरकुर करतात.

आई, मी उगाच इकडचं तिकडचं लिहितोय. त्यानंतर तिला दिवस गेले होते. तुम्हाला कळवलं नाही, कारण तिने शपथ घातली होती. "या वेळी चांगलं पोट दिसायला लागलं की आपणच जाऊ आईकडे, तिला तोंडाने काही सांगायचंच नाही." मागच्या तीन वेळा तुम्हाला आधी आनंदाचं कळवून मग दुसरा फोन करावा लागला, तो तिला परत करायचा नव्हता.

मागच्या आठवड्यात सोनोग्राफीला गेलो. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. एरवी त्या बोलत बोलत तपासतात. धाकटीला कळलं. मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. ठोके थांबले होते.

कपडे नीट करून ती खुर्चीत येऊन बसली. रडली नाही. विचारलं, "आता काय कमी पडलं?"

बाई म्हणाल्या, "काही नाही. तुमचं सगळं व्यवस्थित आहे."

"मग?"

"मग मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. अजून काही तपासण्या आहेत, त्या करू. पण त्यातही काही सापडेलच असं नाही."

धाकटी टेबलावर दोन्ही हात ठेवून पुढे वाकली आणि म्हणाली, "बाई, काहीतरी कमी आहे असं सांगा ना. मी भरून काढते."

बाईंनी चष्मा काढला. मी खिडकीकडे बघितलं.

कमी होतं तोवर काहीतरी करायला होतं, आई. आता कमी काहीच नाही.

सगळं उरकून ती कामावर परत जायला लागली आहे. सुट्टीतही मशीनपाशीच बसते, बाहेर येत नाही, असं तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकीने मला सांगितलं. काल मी घरी गेलो तर स्वयंपाकघरात उभी राहून बिस्किटं खात होती. आमच्याच बेकरीचा पुडा. भूक नव्हती, चवही लागत नव्हती, एकामागून एक नुसती तोंडात घालत होती. थांबवू की नको, मला कळेना. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बोल ना काहीतरी." मी पुढे झालो आणि एक बिस्किट घेतलं. पुडा संपेपर्यंत आम्ही दोघं ओट्याला टेकून खात राहिलो.

तिला तुमची आठवण येते. म्हणत नाही, पण झोपेत आईच म्हणते. तरी तुम्हाला सांगू नको म्हणते, कारण "आई विचारेल, कुठे चुकलं." आई, तुमच्या काळजीला मी नावं ठेवत नाही. पण या वेळी नीट खात होतीस ना, धावपळ केलीस का, हे विचारू नका. कुठेच चुकलं नाही. मी डोळ्यांनी बघितलंय.

गुडघा दुखत असला तरी या. थोरली गाडीत बसवून देईल, मी उतरवून घ्यायला येईन. तिला काही सांगायला नको, समजवायला नको. नुसत्या तिच्या शेजारी बसा. मला ते जमत नाही. मी बसलो की ती माझ्यासाठी चेहरा सावरते.

पत्राखाली "आपला आज्ञाधारक" असं लिहायची मला सवय आहे, कधी विचार न करता लिहीत आलो. आज मात्र खरोखर कुणीतरी आज्ञा करावी असं वाटतं. सांगाल ते करीन. काय करू?

आपला आज्ञाधारक,
जावई