मीठ-कोळशाचा खड्डा

२ एप्रिल ८३
सकाळी अक्काचा निरोप. लगेच ये, सुनेला बाधा झाली. सायकल काढली, नौबादला गेलो. शांता ओसरीवर बसलेली, उजवा हात छातीशी धरून. म्हणाली, "मामा, नळाला हात लावला की आतून कोणतरी वढायलंय." तीनदा पडली. काल तर हात सुटेनाच, घसरून पडली म्हणून सुटला. तळहात लाल.

दाजी म्हणाले, "भानामती हाय. गुरुवारी देवरुषी येणार हाय."
मी म्हणालो, "नळात भानामती? मग हौदात कोण ऱ्हायलाय, मुंजा?"
हसले नाहीत. "मोटरीला तर न्हाई ना काही झालं? वायरिंग तुमचीच हाय. तुमच्या हातचं कसं चुकंल?"

टोमणा होता. अंग पेटलं. ७७ साली त्या घराची वायरिंग मी केली. चौथी पास, पुढचं सगळं एका फाटक्या उर्दू पुस्तकावरून. पण माझ्या हातच्या एकाही घरात आजवर कुणाला मुंगी चावल्याएवढा झटका बसलेला नाही. मोटरीची पिन काढली. पिनला हात लावू नका म्हणालो. हत्यारं सोबत नव्हती.

आणि ज्या भिंतीला टेकून दाजी देवरुषी सांगत होते त्याच भिंतीवर फोटो, ताजा हार. ५६ च्या दीक्षेनंतर इथल्या आळीत पहिले देव यांनीच नदीला सोडले.

३ एप्रिल
टेस्ट लँप घेऊन गेलो. (होल्डर, साठचा बल्ब, दोन वायरी. बस.)
फेज-न्यूट्रल: लख्ख.
फेज-अर्थ, म्हणजे सॉकेटचं वरचं मोठं भोक: अंधार. तिन्ही बोर्डांवर तेच, म्हणजे अर्थिंग कुठंतरी तुटलंय.
मोटर क्षणभर चालू केली. नळ-न्यूट्रल: बल्ब पिवळा पेटला.

म्हणजे मोटरीच्या वाइंडिंगचं आवरण आतून गेलं. करंट मोटरीच्या अंगात, तिथून लोखंडी पाइपात, तिथून नळात. अर्थिंग शाबूत असती तर फ्यूजची तार जळाली असती. तार वाचली, बाई जळायची राहिली.

अक्काचा प्रश्न: "मग आमाला कामून बसत न्हाई?"
"मोटर चालू असताना, वल्ल्या फरशीवर, अनवाणी पाणी कोण भरतं या घरात?"
शांता एकटी भरते. बाकीच्यांना बादली आयती.

मागे गेलो. अर्थिंगचा खड्डा होता तिथं नवी मोरी. झाकणाची शहाबादी फरशी नाही, पाइप नाही. हिरवी वायर भिंतीतून बाहेर येऊन तुटलेली.
"अक्का, इथला पाइप?"
"मला न्हाई म्हाईत बाबा."
तोंड फिरवून बोलली. खोटं बोलताना ती लहानपणापासून तोंड फिरवते.

५ एप्रिल
कळलं. शेजारणीकडून कळलं, घरच्यांकडून नाही.
गेल्या माघात मोरी मोठी करायला खणलं. तीन फुटांवर काळा कोळसा, खडे मीठ, मधोमध लोखंडी नळी, तिला गुंडाळलेली तार. गडी कुदळ टाकून पळाला. देवरुषी आला, बघून म्हणाला, घर बुडवायला कुणीतरी पुरलंय. सगळं उचलून शिवेबाहेर फेकलं. आणि शांता लग्न होऊन घरात आली त्याला तेव्हा आठवडा झाला होता.

आठवडा! एवढ्यावर ठरलं. माहेराहून तिनेच आणून पुरलं म्हणे. तीन फूट खोल, ताज्या सुनेनं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत? दोन महिने त्या पोरीला टोचून बोलायलेत. आणि आता झटके बसले तर म्हणे, तिचंच तिच्यावर उलटलं.

तो कोळसा माझा. ते मीठ माझं. थर मी माझ्या हातानं दिलेत, बोटानं मोजून. ओल धरायला मीठ, करंट जमिनीत मुरवायला कोळसा.

दाजींच्या तोंडावर हे सगळं ओरडून आलो. ते थंडपणे म्हणाले, "मग तवा सांगायचं हुतं."

६ एप्रिल
ते वाक्य गेलं नाही डोक्यातून. खड्डा भरला त्या दिवशी अक्का-दाजी उदगीरला लग्नाला गेले होते. आल्यावर मी फक्त म्हणालो, काम झालं. खड्ड्यात काय आहे, कशाला आहे, उन्हाळ्यात पाणी घाला, एक अक्षर नाही. यांना काय कळणार, असं वाटलं होतं. तसंच वाटलं होतं. दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही, म्हणून जास्तच लागतंय.

दुपारी कळलं, शांताचे वडील येऊन तिला कमलनगरला घेऊन गेले. भाचा, शांताचा नवरा, सोलापूरला गिरणीत. त्याला पत्र टाकलं, सगळं लिहिलं.

७ एप्रिल
गुरुवार. देवरुषी आला. मी आधीच जाऊन खड्डा खणत बसलो होतो, मोरीपासून चार हात लांब. त्याला म्हणालो, "या महाराज, उतरा खाली. भानामती कशी भरतात ते शिकवतो." मग चहा न घेता गेला.

आळीतल्या बायका बोलावल्या. सगळ्यांसमोर मधोमध नवी नळी रोवली, हिरवी वायर जोडली, मग थर: कोळसा, मीठ, कोळसा, मीठ. प्रत्येक थर कशासाठी, मोठ्यानं सांगितलं. मीठ दाजींच्या हातानं टाकायला लावलं. दोन बोटांत धरून टाकत होते, विंचू असल्यासारखं. मोटर रिवाइंडिंगला दिली.

१० एप्रिल
बसने कमलनगर. शांतानं ऐकून घेतलं. वडील म्हणाले, "पोरगी पाठवतो, पण तिला ईचारा."
शांता म्हणाली, "मामा, तुमच्या बल्बावर माझा इस्वास हाय. त्यांचा हाय का बघा. मोटर चालू करून सासऱ्यानं अनवाणी नळ धरावा. मग येते."
म्हणालो, मी धरून दाखवीन.
"तुमी न्हाई. त्यांनी."
रास्त आहे. आधी राग आला, मग बसमध्ये वाटलं, रास्त आहे.

१३ एप्रिल
मोटर बसवली. खड्ड्यात दोन घागरी ओतल्या. फेज-अर्थ: लख्ख, जरासुद्धा मंद नाही. मोटर चालू, नळ-न्यूट्रल: अंधार, म्हणजे पाइपात करंट नाही. मी स्वतः अनवाणी, ओल्या फरशीवर, आधी उलटा हात, मग मूठ. काही नाही.

"दाजी, या."
"उद्या जयंतीची गडबड हाय, झेंड्याचं बघायचंय..."
"जयंती उद्या हाय. नळ आज हाय."
अक्का पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलली. "धरा की. ती पोरगी रोज धरत हुती."
आले. मोरीच्या कडेला उभे राहिले. मी म्हणालो, चप्पल. एक काढली. दुसरीचा अंगठा सोडवत होते आणि मोटर घुं करून थांबली. लाइट गेली.

दाजी म्हणाले, "आता धरू का?"
"आता नळ कुणीबी धरंल. बसा."

पायरीवर बसून लिहितोय. अक्कानं चहा केला. दाजी समोर बसलेत, एक पाय अनवाणी, एका पायात चप्पल. लाइट अजून आलेली नाही. मी हलणार नाही.