जांभ्याला दहापैकी किती?

१९ जानेवारी, रविवार

दहापैकी दोन! तेही वयाकडे बघून.

तीन महिने ह्या कुस्तीवाल्यांचे ड्रेस शिवतेय, पण खेळ काल पहिल्यांदा बघितला. आमच्या धाकट्याने, उन्म्याने, हाताला धरून नेलं. टीव्हीवर असते तशी दोरांची रिंग, दिवे काय, भोंगे काय! शेवटी तो जांभा आला. रिंगमधलं नाव जांभा, आमच्याकडच्या लाल दगडाचं; खरं नाव महिपत. लांज्याकडचा. वय सत्तावन्न. आधी पोट येतं, मग तो येतो. डाव म्हणाल तर एक नाही. बुक्के, डोक्याची धडक, खुर्ची. परत बुक्के. मागून कोणीतरी ओरडला, "ओ आजोबा, घरी जाऊन पेज जेवा!" मी केवढ्याने हसले.

घरी येताना हसू पळालं. कारण १५ फेब्रुवारीला उन्म्याची पहिली कुस्ती ह्याच रेड्याबरोबर! लवूशेटने ठरवलंसुद्धा. हा सगळा खेळ त्याचाच, त्याला कोण विचारणार? आई-बाबा गेल्यावर बारा वर्षं ह्या पोराला सांभाळलं ते ह्यासाठी?

२० जानेवारी

उन्म्याशी कडाक्याचं भांडण. "ताय, सगळं ठरवून असतं गो. खोटं असतं." खोटं असतं तर गेल्या महिन्यात त्या संगमेश्वरच्या पोराचं खांद्याचं हाड मोडलं ते काय खोटं होतं? ह्यावर उन्म्या ताटावरून उठला. तो जेवला नाही, मीपण नाही. बांगडे मांजरीने खाल्ले.

२६ जानेवारी, रविवार

आज काहीतरी विचित्रच.

शनिवारचा खेळ झाला की रविवारी सकाळी फाटक्या ड्रेसचं गाठोडं माझ्या दुकानात येतं. तन्वीरचा बगलेत उसवलेला. दादूचा तर खांद्यापासून कमरेपर्यंत! हे नेहमीचंच. कोण कुणाला कसा खेचतो ते मला शिवणीवरून कळतं. ओढणारा अडाणी असला की कापड आधी ओरडतं, माणूस मागून.

मग रावजीचा ड्रेस घेतला. काल जांभ्याने त्याला खुर्चीने हाणला होता, दोरावरून बाहेर फेकला होता. सुईत दोरा ओवून बसले — आणि शिवायला काही नाहीच! उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी नेऊन बघितला. एक टाका सुटलेला नाही.

उन्म्याला हाक मारली. कुठल्या शनिवारी जांभ्यासमोर कोण होतं, सगळं आठवून सांगायला लावलं. तो नावं सांगत गेला, मी दुरुस्त्या आठवत गेले. खांदा मोडलेलं ते संगमेश्वरचं पोर त्यात नव्हतंच. तीन महिन्यांत त्याच्याशी खेळलेल्या एकाचाही ड्रेस फाटलेला नाही! आणि जांभ्याचा स्वतःचा? पाठीवर नुसती जाळी. डाव्या ढुंगणावर मीच दोनदा ठिगळ लावलंय. मी समजत होते, जाड्या आहे म्हणून फाटतं.

अगो बाय! म्हणजे दर शनिवारी आपटून घेतं कोण?

२ फेब्रुवारी, रविवार

काल परत गेले. ह्या वेळी तोंडाकडे बघितलंच नाही, फक्त हातांकडे.

देवा रे देवा! बुक्का सुटतो तेव्हा मूठ असते, लागायच्या आत तळवा झालेला असतो. "धाड्" आवाज येतो तो त्याच्या पायाचा, फळीवर आपटलेल्या. पब्लिक तोंड बघतं, पायाकडे कोण बघतो! उचलून टाकायच्या आधी डावा हात कमरेचं कापड हलकेच गोळा करतो, उजवा मानेमागे जातो. तोंडाने शिव्या आणि डरकाळ्या, आणि हाताने माणूस खाली कसा ठेवतो? पेटीत हापूस ठेवावा तसा. आधी स्वतःची पाठ टेकते, मग त्याची.

चाळीस वर्षं हा माणूस लोकांना पटवतोय की आपल्याला फक्त मारता येतं. माझं वीस वर्षांचं शिवणकाम आहे, मला इतकी सफाई नाही.

दोनाचे नऊ केले. एक मुद्दाम ठेवलाय. उन्म्या आपल्या पायांनी चालत घरी आला की मग देईन.

६ फेब्रुवारी

कळतं सगळं, पण वळत नाही. उन्म्याच्या ड्रेसमध्ये पाठीला आणि मानेला फोम भरला. त्याला सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

महिपतकाका स्वतः दुकानात आले! हातात उन्म्याचा ड्रेस. मी पदर सावरला, कात्री पाडली, सगळं एकदम. काल सरावात हात लावल्याबरोबर त्यांना कळलं म्हणे.

"बाय, ह्यात काय भरलंस गो?"

"फोम. त्याला लागू नये म्हणून."

रागावले नाहीत. स्टुलावर बसले. स्टूल करकरलं. म्हणाले, "पोराचा कणा माझ्या हाताला लागाया हवा. तो घाबरलाय, श्वास घेतलान की नाय, मना कापडातनं कळतं. ही गादी धरून मी त्याला टाकू कसा?"

मला रडूच आलं. काकांनी ब्लेड मागितलं आणि स्वतःच उसवायला बसले. केळ्याएवढी बोटं, पण कापडाला भोक म्हणून नाही. फोमचा तुकडा निघाला की माझ्यासमोर ठेवायचे.

म्हटलं, "काका, लोक तुम्हांला हसतात. मीपण हसले होते."

"हसूदे की. पण बुक्का बसताना डोळे मिटलेस काय?"

"मिटले."

"मग झाला तर!" आणि असे हसले की रस्त्यावरची माणसं थांबली.

जाताना विचारलं, "तुम्ही सगळ्यांना सांभाळता. तुम्हांला कोण?"

"मना काय होतंय? मी जांभा!"

चहा अर्धा ठेवून गेले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उन्म्या पाया पडून गेला. फोम नाही, नुसतं कापड. सगळ्या शिवणी दुहेरी मारल्यात, तेवढं करणारच. आज डोळे मिटणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

गाठोडं आलं नाही. मीच इस्पितळात आहे, वही पिशवीत होती.

उन्म्या वरच्या दोरावर चढला, उडी घेताना पाय सटकला. डोक्यावरच येत होता. काका लांब होते — कसे पोचले देव जाणे — आणि त्याच्याखाली गेले. मी डोळे मिटले नव्हते.

काकांच्या मानेला मार आहे. हातपाय हलत नाहीत. डॉक्टर पुढचं काही सांगत नाहीत. नर्सने त्यांचा ड्रेस माझ्या हातात दिला, गळ्यापासून खालपर्यंत कात्रीने कापलेला.

उन्म्या बाहेर बाकावर बसून होता, कालच्याच ड्रेसमध्ये. त्याला उभा केला. फिरवला. एकेक शिवण बोटाने चाचपली.

एक टाका सुटलेला नाही.