एकोणीस मीटरवरचा हात

अल बर्शा, दुबई
सप्टेंबरचा तिसरा रविवार

प्रिय सेलिनताई,

तुला आणि केनेथभावोजींना येशूची स्तुती, आणि दर सुट्टीत माझी ओळख विसरून भुंकणाऱ्या तुमच्या कुत्र्यालाही. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची साखर? वाडीतल्या केळी यंदाच्या वाऱ्यात किती आडव्या झाल्या? आम्ही तिघंही इथे ठीक आहोत. मरिसाच्या हॉटेलात गर्दी आहे, माझं रास अल खोरचं गोदाम जागच्या जागी आहे, आणि जेनिसला गेल्या महिन्यात चौदावं संपलं. हे सगळं फोनवर तुला कळलेलंच आहे. पण फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस (हे रागाने नाही, पंचावन्न वर्षांच्या अनुभवाने सांगतो), म्हणून हे पत्र. आमच्या बिल्डिंगमधला डेरिक सुट्टीवर गावी येतोय, त्याच्या हाती देतो. त्याला चहा दे, पण पत्रात काय आहे असं त्याने विचारलं तर सांगू नकोस. त्याला सगळं माहीत आहे, तरी सांगू नकोस.

जेनिस बर्फावरच्या उड्या शिकते हे तू गावभर सांगितलंस आणि आता लोक मला वाळवंटात बर्फ कुठला म्हणून विचारतात. तर बर्फ नाहीये, ताई. खोर फक्कानच्या वाटेवर डोंगराच्या अंगावर एका क्लबने उतार बांधलाय. वर चिनी मातीची गुळगुळीत पन्हळ, तिच्यातून पोरं पायाला लांब फळ्या बांधून घसरत येतात, टोकाला आली की हवेत जातात, आणि खाली हिरव्या प्लास्टिकच्या उतारावर उतरतात. भांडी घासायच्या ब्रशाचे केस असतात ना, तसलं प्लास्टिक, गवताच्या केंबळी छपरासारखं एकावर एक रचलेलं. युरोपातही उन्हाळ्यात असंच करतात म्हणे, त्यांचा बर्फ वितळतो म्हणून. आमचा कधी पडलाच नाही, एवढाच फरक. मे ते ऑक्टोबर असा हंगाम, सहा स्पर्धा, सगळ्या शनिवारी पहाटे, कारण नऊ वाजल्यानंतर त्या प्लास्टिकवर पोळ्या भाजता येतील. हंगामाच्या पहिल्या दिवशी जेनिसने हेल्मेट चढवता चढवता मला एकच विचारलं, "पपा, यू विल वॉच, राइट?" मी म्हटलं, हो, नाही तर कशाला आलोय. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे त्याने माझी पुरती शोभा केली आहे.

आता प्लास्टिक कोरडं असलं तर फळ्या घसरत नाहीत, म्हणून प्रत्येक उडीआधी त्यावर पाणी शिंपडावं लागतं. आणि इथल्या उन्हाळ्यात नळाच्या पाण्याचं तुला ठाऊक आहे (आम्ही गिझर बंद ठेवतो आणि त्यातलंच पाणी गार म्हणून अंगावर घेतो, हे ऐकून तू एकदा फोनवर पाच मिनिटं हसली होतीस). जूनच्या स्पर्धेला टाकीतून इतकं कढत पाणी आलं की उतारावर वाफ धरली आणि पोरं खालून बाहेर पडताना इडलीसारखी दिसायला लागली. कोच फिनलंडचे आहेत, फार कमी बोलतात. त्यांनी टाकीत बोट बुडवलं, बाहेर काढलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी वसईचा माणूस, मला पाणी गार करायची एकच जागा आठवते, ती म्हणजे मासळीबाजार. जुलैच्या स्पर्धेला मी खोर फक्कानच्या मासळीबाजारातून चुऱ्याच्या बर्फाचे बावीस खोके आणले आणि टाकीत ओतले. पाणी गार झालं, कोचसाहेबांनी माझा हात हातात घेतला, पहिली फेरी झकास झाली. मग बांगड्यांचा वास डोंगरभर गेला आणि दुसऱ्या फेरीच्या तोंडावर खालच्या उतारावर तेरा मांजरं येऊन बसली. हाकललं की वर चढायची, वरून हाकललं की खाली. कोचसाहेबांनी दुसरी फेरी रद्द केली आणि अहवालात कारण म्हणून एकच शब्द लिहिला. त्यानंतर मला पाण्यापासून दूर ठेवायचं ठरलं आणि अंतर मोजायला उभं केलं. सगळं रामायण इथून सुरू होतं.

अंतर मोजतात कसं, ते नीट वाच. मोठ्या स्पर्धांत त्यासाठी कॅमेरे असतात, आमच्याकडे आईबाप आहेत. उताराच्या कडेने आम्ही ओळीने उभे राहायचं, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक मीटर. ज्याच्या मीटरात पोर उतरेल त्याने हात वर करायचा. समोर टेबलाशी वही घेऊन बसलेल्या फिरदोसबाई हात बघून आकडा लिहितात. (हैदराबादच्या आहेत, शाळेत गणित शिकवतात, त्यांच्यासमोर मलाही गृहपाठ न केल्यासारखं वाटतं.) मला एकोणिसावा मीटर मिळाला. गोदामात बावीस वर्षं नजरेने खोके मोजलेत, म्हणून सगळ्यांना वाटलं हा माणूस पक्का. शिवाय आमच्या पोरांच्या वयोगटातलं कोणी सहसा एकोणीसवर पोचत नाही, तेव्हा काम हलकं. चौदाव्या मीटरवर नीलेश असतो, चिपळूणकडचा, सज्जन मुलगा, पोरंबाळं नाहीत, नुसता हौसेने येतो.

आणि आता जे मरिसाला सोडून कोणाला माहीत नव्हतं ते तुला सांगतो. जेनिस पन्हळीच्या टोकाला आली की माझे डोळे मिटतात. मी मिटत नाही, ते मिटतात. दुसऱ्यांची पोरं उडाली की मी टक्क उघड्या डोळ्यांनी बघतो, वर त्यांच्या चुकाही काढतो. आपली आली की अंधार. मग फळ्या प्लास्टिकवर आपटल्याचा आवाज येतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि मी डोळे उघडतो तेव्हा ती खाली उभी असते, हेल्मेट काढून माझ्याकडे बघत. मी अंगठा वर करतो. मरिसा सँडविच खात खात सगळं बघते, तिला काही होत नाही. (तिने एकदा मला सांगितलं की उतरताना आपली पोरगी एक पाय पुढे घेऊन गुडघा वाकवते ते फार सुंदर दिसतं, त्याचे वेगळे गुण असतात. तो गुडघा मीच शिकवलाय, वेदीपुढे टेकतो तसा, बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर. तो हवेतून उतरताना कसा दिसतो ते मला तिच्याकडून ऐकावं लागतं.)

गेल्या शनिवारी पाचवी स्पर्धा होती. जेनिसची दुसरी उडी. ती वर बाकावर बसली, कोचसाहेबांनी झेंडा खाली केला, ती सुटली. माझे डोळे मिटले आणि आईने लावलेल्या सवयीप्रमाणे मी क्रूसाची खूण करायला हात कपाळाला नेला. तुझ्या लक्षात आलं असेल. मी एकोणिसाव्या मीटरवर हात वर केला होता. जेनिस उतरली होती चौदावर, नीलेशने आपला हात वर केलाही होता, पण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. (नंतर मी त्याला विचारलं, अरे तुझ्या पायाशी पोरगी उतरली, मग हात का घेतलास खाली? तर म्हणाला, "काका, तुम्ही मोठे, मला वाटलं मलाच नीट दिसलं नसेल." अशा मुलाला काय बोलणार.) फिरदोसबाईंनी वहीत एकोणीस लिहिलं. माझा हात अजून उजव्या खांद्यापर्यंत पोचायचा होता तोवर भोंग्यावरून पुकारलं, जेनिस तिसरी, आणि पुण्याच्या मिहिकाला चौथ्या जागेवर ढकललं.

मी डोळे उघडले तर सगळे माझ्या पाठीवर थापा मारत होते. मला खरंच वाटलं, ताई, की पोरीने एकोणीस मीटर मारले. मी इतका फुगलो की तुला तिथल्या तिथे फोन लावणार होतो. जेनिस फळ्या खांद्यावर घेऊन वर आली. चेहऱ्यावर काही नाही.

"पपा, डिड यू सी?"

मी म्हटलं, "बघितलं तर. मस्त."

"व्हेअर डिड आय लँड?"

"एकोणीस."

तिने खांद्यावरच्या फळ्या खाली टेकवल्या. मग हळूच म्हणाली, "पपा, इट वॉज फोर्टीन. माय फीट नो." आणि वळून सरळ फिरदोसबाईंच्या टेबलाकडे चालू लागली. मी मागोमाग. तिने आकडा बदलायला सांगितला. फिरदोसबाईंनी चष्म्यावरून मला विचारलं, "हर्बर्टभाई, आपने हाथ क्यूँ उठाया?" तेव्हा एवढ्या लोकांत मला सांगावं लागलं की माझे डोळे मिटलेले होते आणि मी प्रार्थना करत होतो. त्या हसतील असं वाटलं, पण हसल्या नाहीत. वहीतला आकडा खोडला, चौदा लिहिला आणि म्हणाल्या, "खलास. माँ-बाप को नापने पे रखना ही नहीं चाहिए था." मिहिका तिसरी झाली, जेनिस सातवी. पदक मिहिकाच्या गळ्यात पडलं तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या आपल्याच पोरीने वाजवल्या.

परतताना ती गाडीत माझ्या शेजारी बसली. मरिसा मागे झोपली होती (किंवा झोपेचं सोंग घेतलं होतं, तिला ते छान जमतं). मला वाटलं आता पदकाचं निघणार. पदकाचं काही निघालं नाही. तिने विचारलं, यातली एक तरी उडी बघितलीस का? हंगामातल्या नऊ उड्या झाल्यात, ताई. पाच स्पर्धा, प्रत्येकी दोन, मांजरांची एक वजा. मी म्हटलं, एकही नाही. ती रडेल किंवा ओरडेल तर बरं असं वाटत होतं. तिने नुसतं "ओके" म्हटलं, पिशवीतून अर्धी खुबूस रोटी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वन कॉम्पिटिशन लेफ्ट." रस्ता पुढे दिसेना म्हणून मी गाडी कडेला घेतली. ताई, मला रडू आलं. पोरगी आठ महिने पडते, खरचटते, पहाटे उठते, आणि तिला जगात एकाच माणसाने बघायला हवंय, तर तो माणूस हा असा.

असो. पत्र लांबलं. भावोजींना सांग गोड खाऊ नका. कुत्र्याला माझा जुना शर्ट हुंगायला देत जा म्हणजे पुढच्या खेपेला भुंकणार नाही.

तुझाच,
हर्बर्ट

ता. क. मला मोजणीवरून काढलंय आणि पाण्याजवळही येऊ देत नाहीत. शेवटच्या स्पर्धेत मी पहिल्यांदाच नुसता प्रेक्षक आहे, म्हणजे मला आता डोळे उघडे ठेवण्याखेरीज काही काम नाही. कालवणात घालायचा बाटलीचा मसाला संपलाय, एक बाटली हवी. डेरिककडे देऊ नकोस, तो वाटेत उघडतो.

ता. क. दोन. मसाला तूच घेऊन ये. शेवटची स्पर्धा ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आहे. तुझ्या पासपोर्टची प्रत भावोजींनी मला गुपचूप पाठवली होती (त्यांच्यावर रागावू नकोस, साखर वाढते), व्हिसा झालाय, तिकीट या पाकिटातच मागच्या बाजूला आहे. तू वीस वर्षं विमानात बसत नाहीस हे मला ठाऊक आहे. सुटताना डोळे मिटून घे, मी सांगतो, काहीच दिसत नाही. इथे आलीस की तू माझ्या उजव्या बाजूला बसायचं आणि माझे दोन्ही हात घट्ट धरायचे, म्हणजे ते वर जाणार नाहीत. आणि ती सुटली की लहानपणी ओरडायचीस तसं माझ्या कानात ओरडायचं, "हर्बर्ट, बघ." मरिसाने हे करून पाहिलं, पण तिचं मी ऐकत नाही. तुझं ऐकतो.

ता. क. तीन. हे लिहिल्याशिवाय पाकीट बंद होईना. वाडीतल्या बावखलाच्या पाण्यात जांभळीच्या वरच्या फांदीवरून तू उडी मारायचीस, ती गोष्ट मी आजवर मरिसाला, जेनिसला, गोदामातल्या सगळ्यांना, फिनलंडच्या कोचसाहेबांनासुद्धा सांगितली आहे. फांदी कशी वाकायची, तू हवेत हात कसे पसरायचीस, वेण्या कशा वर जायच्या. ताई, मी ते कधीच पाहिलेलं नाही. मी काठावर डोळे मिटून उभा असायचो. पाण्याचा आवाज झाला की उघडायचो. तू डोकं वर काढून विचारायचीस, बघितलंस का, आणि मी हो म्हणायचो. काल जेनिसला हे सांगितलं. तिने विचारलं, आत्याला माहीत होतं का? मी म्हटलं, छे, तिला कुठून माहीत असणार. तर म्हणाली, "पपा, शी न्यू. शी कॅरीड ऑन आस्किंग बिकॉज शी न्यू."

माहीत होतं का ग तुला? फोनवर सांगू नकोस. इथे येऊन सांग.