पिशवीतल्या फिल्टरपायी सील झालेल्या सुताराच्या दुकानाबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी (धूळ, धूर व आवाज),
आरोग्य विभाग, नगर कार्यालय,
पहिला मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : तळमजल्यावरील सुतारकामाच्या दुकानाचे सील काढण्याबाबत, तसेच अर्जदाराने स्वतःच केलेल्या दोन्ही तक्रारी चुकीच्या होत्या असे मान्य करून घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची पहिली तक्रार, छायाचित्रांसह.
२) अर्जदाराची दुसरी तक्रार, अधिक कडक शब्दांतली.
३) आपल्या कार्यालयाकडून अर्जदारास आलेले आभाराचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार आपणांस नम्रपणे कळवितो की :

१. अर्जदार सदर इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, म्हणजे सुतारकामाच्या दुकानाच्या बरोबर डोक्यावर, पत्नी व वृद्ध आई यांच्यासह राहतो. आईला धुळीचे वावडे आहे. सकाळी उठल्याबरोबर शिंका सुरू होतात आणि थंडी पडली की छातीतून शिट्टी वाजते. खाली ज्यांचे दुकान आहे त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. अर्जदाराच्या तक्रारीवरून आपल्या कार्यालयाने ते दुकान सील केले. तेव्हापासून मिस्त्री फुटपाथवर बसून लोकांच्या खुर्च्यांचे डुगडुगणारे पाय बसवून देतात. महिनाअखेरपर्यंत दुकान उघडले नाही तर जागा गोदामासाठी दुसऱ्याला देऊन टाकू, असे जागामालकाने त्यांना सांगितले आहे. म्हणून हा अर्ज तातडीचा समजावा.

२. आता मूळ गोष्ट. आईच्या खोलीसाठी हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे असे घरात ठरले आणि अर्जदार दुकानात गेला. तिथल्या विक्रेतीने फार आपुलकीने विचारपूस केली : खोली केवढी, झोपतं कोण, त्रास धुळीचा की धुराचा. बारीक धुळीला दाट विणीचा फिल्टर लागतो, धुराचा वास जायला कोळशाचा थर लागतो, यंत्राचा जोर खोलीच्या मापाचा हवा, आणि झोपायच्या खोलीत आवाज करणारे यंत्र घेतले तर चार दिवसांत माणूस ते बंद करून ठेवतो, असे तिने समजावले. हवेत ओझोन सोडणाऱ्या यंत्रांच्या तर वाटेलाही जाऊ नका, म्हणाली. मग कोपऱ्यातले एक साधेसुधे पांढरे यंत्र दाखवून म्हणाली, “आजींच्या खोलीला हेच घ्या. आवाज नाही, आणि याचा फिल्टर कुठेही मिळतो.”

अर्जदाराने ते घेतले नाही. त्याने शेजारचे घेतले, कारण त्याच्या तोंडावर हवेतल्या धुळीचा आकडा मोठ्या अक्षरांत दिसतो, हवा चांगली असली तर हिरवा आणि वाईट असली तर लाल, अगदी दारातूनही. विक्रेतीने विचारले, आकडा कशाला हवाय? अर्जदार म्हणाला, माहितीसाठी. खरे कारण असे की त्याला त्या आकड्याचे फोटो काढून आपल्या कार्यालयाला द्यायचे होते. यंत्र निवडताना अर्जदाराच्या डोळ्यांसमोर आईचा श्वास नव्हता, मिस्त्री होते. हे त्याने आजवर पत्नीलाही सांगितलेले नाही.

३. मिस्त्रींवर एवढा राग का, असा प्रश्न आपणांस पडेल. धूळ होतीच, ती काही अर्जदाराने मनाने रचलेली नाही. दुसरे म्हणजे मिस्त्री दिवसातून कितीदा तरी इमारतीच्या लोखंडी नळावर मोगरीने टोले मारत. हा नळ आईच्या खिडकीला लागून वर जातो, त्यामुळे सुटीच्या दिवशी अर्जदाराची दुपारची झोप मोडे. आणि तिसरे कारण लिहायला हात रेंगाळतो. आई दिवसभर खिडकीत बसून मिस्त्रींशी गप्पा मारत असे. कुणाच्या मुलीचे लग्न ठरले, कुठले लाकूड पावसात फुगते, कुणाच्या पलंगाला किती खिळे गेले, सगळे तिला ठाऊक. अर्जदार कामावरून आला की मात्र तिचे बोलणे “जेवलास का?” एवढ्यावर संपे. अर्जदार मिस्त्रींना पाण्यात पाहत होता.

तरीही तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याची आपल्या कार्यालयाची जी सवलत आहे, ती या अर्जासही लागू ठेवावी, ही विनंती. एकाच जिन्याने जायचे-यायचे असते.

४. अर्जदार औषधांच्या गोदामात पॅकिंग तपासनीस आहे. एकाही खोक्याचे सील फुटलेले नाही ना, हे पाहण्यात त्याची उमर गेली. ही सवय घरीही चालते. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. सोफ्याचे प्लॅस्टिक काढलेले नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पाहुणा उठला की सोफाही त्याच्याबरोबर थोडा उठतो. फ्रिजच्या मुठीवरची निळी पट्टी तशीच आहे. असे हे घर. यंत्र बसवताना आतला फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होता. पत्नीने विचारले, “ही पिशवी काढायची नाही का?” अर्जदाराने तिच्याकडे, गोदामात नव्या कामगाराकडे पाहावे तसे पाहिले आणि म्हणाला, “काढू नकोस. धूळ बसली तर फिल्टर खराब होईल.”

महोदय, हे वाक्य आपण पुन्हा एकदा वाचावे. धूळ धरण्यासाठीच ज्याला आणले, त्याला धूळ लागू नये म्हणून अर्जदाराने पिशवीत ठेवले. पत्नीने पुस्तिका हातात घेतली होती, तीही अर्जदाराने तिच्याकडून काढून घेऊन पाकिटासकट कपाटात जपून ठेवली.

५. यंत्र चालू झाले. हवा बाहेरची आत येऊ नये म्हणून अर्जदाराने आईची खिडकी कायमची लावून घेतली. डासांसाठी पलंगाखाली पेटवायची कॉइल चालूच राहिली आणि स्वयंपाकघरातला तळणाचा धूरही त्याच बंद खोलीत येऊन बसू लागला. आकडा लाल झाला तो लालच राहिला. आईचा खोकला वाढला. अर्जदाराने मात्र रोज फोटो काढले आणि एवढे भारी यंत्रही ज्या धुळीपुढे हात टेकते ती धूळ केवढी असेल, अशा आशयाची पहिली तक्रार केली. नळावरच्या टोल्यांचा उल्लेख त्यात “हेतुपुरस्सर केलेला छळवणुकीचा आवाज” असा आहे. हे शब्द सुचले तेव्हा अर्जदाराला स्वतःचे कौतुक वाटले होते.

आपले निरीक्षक आले, दुकान सील झाले. छायाचित्रांमुळे कारवाई करता आली, असे आपले आभाराचे पत्र अर्जदाराला आले. त्या दिवशी त्याची छाती फुगली होती. आज ते पत्र कपाटातल्या स्वेटरच्या घडीखाली आहे आणि थंडी वाजली तरी तो स्वेटर काढण्याची हिंमत अर्जदाराला होत नाही.

६. दुकान बंद झाले, तरी आकडा उतरला नाही. डोके ठिकाणावर असलेल्या माणसाला इथे शंका आली असती. अर्जदाराला ती मिस्त्रींची आली. मिस्त्री मागच्या दाराने चोरून रंधा मारतात, अशी दुसरी तक्रार त्याने केली. आपले निरीक्षक पुन्हा आले आणि उन्हात बंद दुकानावर पाळत ठेवून उभे राहिले. तेव्हा फुटपाथवरून उठून त्यांना बसायला स्टूल कोणी दिले, तर मिस्त्रींनीच. दुकानाला मागचे दार नाही. हे अर्जदाराला आधीपासून ठाऊक होते.

७. पुढे अर्जदाराच्या लक्षात आले की आई बंद खिडकीशी, नळाला कान लावल्यासारखी बसून असते. काय ऐकतेस, असे त्याने विचारले. तेव्हा ती म्हणाली, “मिस्त्री लाकूड घासायला बसायच्या आधी दोन टोले मारायचा. मी खिडकी लावायची. धूळ बसली की एक टोला, मग मी उघडायची. आमचं ठरलेलं होतं. तू झोपलेला असलास तर हळू मारायचा बिचारा.” दुकानाच्या दारावर धूळ अडवायला ओले गोणपाटही मिस्त्री आईसाठीच लावत होते, हेही त्याच दिवशी कळले. आईने मग विचारले, तक्रार कोणी केली असेल रे? अर्जदार म्हणाला, कोणास ठाऊक.

८. पिशवी पुन्हा समोर आली ती पत्नीमुळे. यंत्रावर फिल्टर बदला असा दिवा लागला, म्हणून तिने झाकण उघडले. आत फिल्टर पांढराशुभ्र, दुकानातून आणला तसा, आणि वर पिशवी चकाकत होती. तिने ती काढून अर्जदारासमोर धरली. ओरडली असती तर बरे झाले असते. पिशवी काढली, कॉइल हलवली, स्वयंपाकघराचे दार लावले, तसा आकडा जेवणे उरकेपर्यंत हिरव्यावर आला आणि त्या रात्री आई सलग झोपली. अर्जदार जागा होता.

९. दुसऱ्या दिवशी अर्जदार सगळे कबूल करायचे ठरवून खाली गेला. मिस्त्री पटाशा तेल लावून फडक्यात गुंडाळत होते. अर्जदाराने तोंड उघडायच्या आत त्यांनीच आईच्या खोकल्याची चौकशी केली. मग म्हणाले, “तक्रार तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी केली, मला माहीत आहे. तुमच्या घरून तर होणंच शक्य नाही. आजी वर आहेत ना.” अर्जदार आईचा खोकला आता कमी आहे एवढेच सांगून वर परत आला. मास्तरांनी कुणाचे काही केलेले नाही. त्यांच्या मोडक्या टेबलाला आता मिस्त्री हात लावत नाहीत आणि मास्तर, आपले काय चुकले, असे जिन्यात भेटेल त्याला विचारत असतात. काल त्यांनी अर्जदारालाही विचारले. अर्जदाराने सांगितले की मिस्त्रींचा स्वभावच जरा विचित्र आहे.

१०. त्यानंतर अर्जदार आपल्या कार्यालयात आला. खिडकीवरच्या लिपिक बाईंनी ऐकून घेतले आणि सांगितले की तक्रारीत तथ्य आढळले आहे, आता ती खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार तक्रारदाराला उरत नाही. हवे तर स्वतःविरुद्ध नवी तक्रार करा, पण तिची चौकशी आधीच्या चौकशीनंतरच होईल. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले की मिस्त्रींनी काही दिले का. मिस्त्रींनी अर्जदाराच्या आईला खिडकीत बसायला एक चौरंग करून दिला होता, तोही दुकान सील होण्याच्या आधी. अर्जदाराने तसे सांगितले. तेव्हा बाई साहेबांच्या नावे लिहून द्या म्हणाल्या.

११. तरी अर्जदाराची विनंती अशी : दुकानाचे सील महिनाअखेरीच्या आत काढावे. धुळीची पाहणी पुन्हा करायचीच असेल तर ती खिडकी उघडी ठेवून आणि नळावरचे टोले ऐकत करावी. आपल्या नियमानुसार कोणती ना कोणती जागा सील असणे आवश्यकच असेल, तर अर्जदाराची बाहेरची खोली हजर आहे. तिथल्या बहुतेक वस्तू तशाही सीलबंदच आहेत.

१२. इथवरचा अर्ज अर्जदाराने आईला वाचून दाखवला, कारण एवढा वेळ काय लिहितोस असे ती विचारत होती. वाचता वाचता परिच्छेद ३ आला, तेव्हा तो गाळून पुढे जावे असे वाटले. पण सुरू केले ते अर्जदाराने शेवटपर्यंत वाचले. सगळे झाल्यावर ती चौरंगावरून उठली, खिडकी उघडली आणि खाली फुटपाथकडे पाहत, मागे न वळता म्हणाली, “याची एक प्रत मिस्त्रीला दे. साहेबांच्या आधी.”

सबब परिच्छेद ३ मध्ये नाव गुप्त ठेवण्याची जी विनंती केली आहे, ती अर्जदार मागे घेत आहे. दोन्ही तक्रारी कोणी केल्या, हे आपण कोणीही विचारले तरी सांगावे. मास्तरांना अर्जदार आज स्वतः सांगणार आहे. सील निघाले, तरी मिस्त्री यापुढे नळावर टोला मारतील की नाही, हे आपल्या अधिकारातले नाही, याची अर्जदारास पूर्ण जाणीव आहे.

आपला अपराधी व नम्र,
(सही)
अर्जदार, पहिला मजला,
मिस्त्रींच्या दुकानाच्या बरोबर वर

दिनांक : आजचा. उद्यावर टाकले तर धीर राहणार नाही.

सोबत जोडले आहे :
१) आपले आभाराचे पत्र, परत.
२) फिल्टरची प्लॅस्टिकची पिशवी, जशी निघाली तशी.

प्रत :
१) मिस्त्री, फुटपाथवर, समक्ष. आई सोबत येत आहे. तिला जिना उतरायला वेळ लागतो, म्हणून आपल्या कार्यालयात हा अर्ज थोडा उशिरा पोहोचेल.