उत्तरेची भिंत

३ मार्च
आलो एकदाचे इपोहला. क्वालालंपूरचं ते आठव्या मजल्यावरचं खुराडं सुटलं, आता बाळ या ऐसपैस घरात जन्मेल. पाचवा महिना सरत आलाय, लाथा मारतंय नुसतं. सासूबाईंनी तांदळाच्या शेवया आणि कोंबडीचा रस्सा पुढे ठेवला आणि मी दोन वाडगे ओरपले. नवरा, वाय कियाँग, म्हणाला, हळू, उद्याही मिळणार आहे. आमची खोली मागच्या बाजूला. खाली विटकरी आणि सायीच्या रंगाच्या नक्षीदार फरश्या, मोठी खिडकी, तीन भिंती साध्या पांढऱ्या. चौथी, उत्तरेची, मात्र शेवाळी हिरवी आणि तेलकट, चाळीस वर्षांपूर्वीच्या दवाखान्यात असायची तशी. तिच्याकडे मी बघतेच. रंगाच्या दुकानात आठ वर्षं काय उगाच काढली?

६ मार्च
पुठ्ठ्यांवर सात रंग लावून भिंतीला टेकवले. सकाळी पाहिले, दुपारी पाहिले, ट्यूबलाइट लावून पाहिले. गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगायचे, यंदा सगळे घेताहेत तो रंग घेऊ नका, पाच वर्षांनी त्यावरून घर कोणत्या साली रंगवलं ते कुणीही सांगेल. घरात जे बदलणार नाही, त्यातून रंग उचला. म्हणून फरशीतला सायीचा रंग. बाळ कॉलेजात जाईपर्यंत जुना वाटायचा नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आधी बाळंत हो, मग हवा तो फास. पोटुशी बाईच्या घरात ना खिळा ठोकायचा, ना ब्रश फिरवायचा. स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे. पोटातल्या बाळाचा जीव आज घरात कुठे मुक्कामाला आहे ते त्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. कधी दारात, कधी चुलीपाशी, कधी पलंगात. त्या जागेला धक्का लावायचा नाही. माझी आईही असलंच काहीबाही सांगायची. तेव्हाही माझं डोकं फिरायचं.

९ मार्च
अंगाचा तिळपापड झालाय. वाय कियाँगला म्हटलं, तू बोल आईशी. तो म्हणे, चार महिने काय जड आहेत? आईसमोर मूग गिळून बसतो आणि माझ्यासमोर हो ला हो करतो. सिमेंटच्या कारखान्यात काम करून याच्याही डोक्यात सिमेंटच भरलंय की काय.

आणि सासूबाई रोज सकाळी न विचारता खोलीत येतात, ओल्या फडक्याने ती हिरवी भिंत पुसतात. तीही सगळी नाही. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतच, अगदी हलक्या हाताने. मी म्हटलं, त्या शेवाळावर एवढी माया? त्यांनी फडकं पिळलं आणि पुन्हा तिथेच फिरवलं. माझ्या खोलीत माझंच चालत नाही.

१२ मार्च
पौर्णिमा. सासूबाई गुहेतल्या देवळात, नवरा कामावर. मी दोन हात मारून भिंत संपवली. कॅलेंडरचं आजचं पान टरकन फाडलं आणि रंगाच्या डब्याखाली घातलं, बसा म्हटलं मुक्कामाला. बाळ सारखं लाथा मारत होतं, त्यालाही आवडलं असणार. खोली कशी मोठी झाली. आता येऊ देत दोघांना, मी नाही भ्यायची कुणाला.

१३ मार्च
सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भिंतीसमोर फरशीवर बसल्या. डब्याखालचं पान काढून वाचलं. त्यावर छापलं होतं, खोलीत, उत्तरेला.

त्यांना रडताना पाहून वाय कियाँग माझ्यावर तुटून पडला. मीही सोडलं नाही. म्हटलं, आयुष्यात एक गोष्ट स्वतःहून केली नाहीस, तू काय बाप होणार? तो बॅग घेऊन कारखान्याच्या क्वार्टरवर गेला. जा म्हणावं.

कालपासून बाळ हललेलं नाही.

१४ मार्च
डॉक्टरकडे निघताना खोलीत चप्पल घालायला उत्तरेच्या भिंतीला टेकले. गुडघ्यामागे काहीतरी लागलं. पुन्हा लागलं. हात लावून पाहिला. लाथ. ही लाथ मला ओळखू येते, डावीकडून, दोन आणि मग एक.

पोटात शांत.

डॉक्टर म्हणतात ठोके चांगले आहेत, हालचाल नाही, दोन दिवस ठेवून घेऊ. झोपलं असेल म्हणतात. मला इतका संताप आलाय की दात दुखताहेत. माझं मूल आहे. भिंतीचं नाही.

१५ मार्च
हॉस्पिटलात सासूबाई खाटेशेजारीच बसून आहेत. आज बोलल्या. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला त्यांनीच ती भिंत हिरवी केली. आधीचा निळा जुनाट दिसतो म्हणून. बाळ असंच भिंतीत गेलं. त्यांच्या सासूने सोडवायला म्हणून त्याच दिवशी रंग खरवडायला लावला. खरवडायचा पत्रा वरून खाली येत गुडघ्यापर्यंत आला आणि या कोसळल्या. मुलगी होती, वाचली नाही. नंतर उरलेल्या रंगाने भिंत पुन्हा हिरवी केली आणि कुणाला तिला हात लावू दिला नाही.

म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणाल्या, तोंडातून निघालं नाही गं. मुलालासुद्धा कधी सांगितलं नाही.

त्या म्हणतात, भिंतीला काही केलं नाही तर बाळंतपणाच्या वेळी जीव आपणहून परत येतो. फक्त हात लावायचा नाही. चार महिने. राहीन मी. वाट्टेल ते करीन.

वाय कियाँगला सांगायला हवं. आधी त्याने माफी मागू दे.

१६ मार्च
सकाळपासून त्याचे तीन फोन. उचलले नाहीत. तडफडू दे.

दहाला निरोप आला. लिहितो, तुझं खरं आहे, मी कधी काही करत नाही. आज करतोय. दोन माणसं लावलीत, तुझा रंग काढून आईचा हिरवा वर आणतोय. खोलीतल्या बाकीच्या भिंती तुला हव्या तशा कर. तू घरी येशील तेव्हा कुणी कुणावर रागावलेलं नसेल.

फोन लावला. उचलला. नुसती खरखर. थांबव म्हणून ओरडले. तो म्हणाला, काही ऐकू येत नाही, मग बोलू. ठेवला —

सासूबाई अनवाणी धावल्या. टॅक्सीने वीस मिनिटं —

उचलत नाही. उचल ना. कसला माणूस — नाही, मीच. तीन वेळा वाजला, मीच —

फोटो आला. भिंत वरून सगळी हिरवी. साय फक्त खाली उरलीय, गुडघ्याएवढा पट्टा. लिहिलंय, एवढाच राहिलाय. लगेच ‘थांबव’ लिहून पाठवलं, बघतच नाही.

पोटात हललं. चार दिवसांनी. लाथ नाही ही. वरून खाली — कुणीतरी —